बारा पोलकी आणि आत्याची ट्रंक

९ जून २०२४, रविवार

काम घेतलं. सोलापुरातल्याच बाराजणींचा मंगळागौरीचे खेळ करणारा ग्रुप आहे, वयं ३४ ते ६७. श्रावणातल्या तिसऱ्या मंगळवारी, २० ऑगस्टला, एका हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम. नऊवारी भाड्याने आणणार, पोलकी मात्र शिवून हवीत. खणाची, फुग्याच्या बाह्यांची, "आजीच्या फोटोतल्यासारखी". ग्रुपच्या काकूंनी मोबाइलवर एकामागून एक फोटो दाखवले. सगळे आजच्या मॉडेलचे. आजीचा एकही नाही.

गेल्या काही वर्षांत खण कुठे म्हणून नाही? साडी आली, कुर्ता आला, करोनात मास्क आले, मग तोरण, आकाशकंदील, लॅपटॉपची पिशवी. खण म्हणजे मुळात एका चोळीपुरतं कापड, हे आता गिऱ्हाइकाला समजावून सांगावं लागतं. साडीएवढा खण माझ्या आजीने पाहिला असता तर विचारलं असतं, एवढ्यात किती जणींच्या ओट्या भरायच्यात?

मापं पुढच्या आठवड्यात. आगाऊ रक्कम घेतली, पावती दिली. वही नवी केली, कारण मागच्या वेळी सगळं डोक्यात ठेवलं आणि दोघींच्या बाह्या एकमेकींना गेल्या.

१२ जून, बुधवार

काकूंच्या फोटोवरून नमुना काढायला घेतला. अंगासाठी माझा नेहमीचा प्रिन्सेस कट, छातीवरून कमरेपर्यंत उभ्या शिवणींचा. बाहीसाठी साध्या बाहीचा कागद मधून उभा चार ठिकाणी कापला, पसरवला, माथ्याला दोन इंच उंची वाढवली. चुण्या मुंढ्याच्या (बाही जिथे अंगाला जोडतात त्या) सगळ्या गोलाईत. आत फुगा उभा राहावा म्हणून कडक नेटची पट्टी. दुकानातला मशीनवरचा खण दोन मीटर आणला, नमुन्याला चालेल.

एक गोष्ट आजच खटकली. प्रिन्सेस कटमध्ये पुढचा भाग चार तुकड्यांचा होतो आणि खणाचा काठ कुठे बसवायचा तेच कळत नाही. काठ कापडाच्या दोन्ही कडांना, लांबीने धावतो. पॅटर्नचे तुकडे गोलमटोल. काठ वाचवायला गेलं तर कापड वाया, कापड वाचवायला गेलं तर काठाचे तुकडे. शेवटी बाहीच्या टोकाला काठ लावला आणि बाकीचा चिंध्यांच्या पिशवीत टाकला. खणाचा काठ चिंध्यांत टाकताना हात थोडा अडला, पण टाकला.

१६ जून, रविवार

नमुना तयार. पुतळ्यावर चढवला तर काय दिसत होता! फोटो काढून काकूंना पाठवला, लगेच सहा बदाम आले.

संध्याकाळी मीच अंगात घातला. माप माझं नाही, पण जवळपास. आरशासमोर उभी राहिले, कमरेवर हात ठेवले, फोटोतल्यासारखी. छान. मग सहज पिंग्याचा हात केला.

पोलकं पोटावरून पावणेतीन इंच वर गेलं (नंतर टेप लावून मोजलं). दोन्ही फुगे कानांना लागले. नेट टोचली. पाठीत कटाच्या शिवणीवर "टर्र" असा बारीक आवाज झाला आणि मी हात तसाच वर ठेवून मुलीला हाक मारली, कारण खाली घेतला असता तर उरलेलीही उसवली असती.

नंतर काकूंचे सगळे फोटो पुन्हा पाहिले. एकाही फोटोत कुणाचा हात वर नाही.

१९ जून, बुधवार

मास्तरांकडे गेले. मी कात्री धरायला शिकले ती त्यांच्याकडे. आता ७४ वर्षांचे आहेत, मशीनवर बसत नाहीत, पण मुंढा कुठे चुकला ते खुर्चीतून सांगतात. नमुना हातात घेतला, उलटा केला आणि बगलेत बोट घातलं.

"इथं काय हाय?"

"शिवण."

"नुसती शिवण. मग हात वर जाणार कसा?"

मी म्हटलं, मुंढा थोडा खाली उतरवते. ते हसले. मुंढा उतरवला की हाताबरोबर सगळं अंग अजूनच वर ओढलं जातं, हे त्यांनीच मला वीस वर्षांपूर्वी शिकवलेलं. मग म्हणाले, जुनं पोलकं मिळव. फोटो नको. खरं, घातलेलं, घामाचं. आणि उसव.

२३ जून, रविवार

आत्याकडे. आत्या ८२ वर्षांची, ट्रंक तिच्यापेक्षा थोडीच तरुण. डांबराच्या गोळ्यांचा वास, खाली वर्तमानपत्र, त्यावर इरकल लुगडी आणि सगळ्यात तळाशी एका मांजरपाटाच्या तुकड्यात बांधलेलं पोलकं. डाळिंबी अंग, पिवळसर काठ, फुग्याची आखूड बाही. १९५८ सालचं. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. लग्नाआधी शिवलेलं आणि पहिल्या बाळंतपणानंतरही घातलेलं.

"सोळाव्या वर्षीचं बाळंतपणानंतर कसं बसलं?"

"बसतं होय? सोडलं की."

मला वाटलं घालायचं सोडलं. तिचं म्हणणं शिवण सोडली.

उसवू का म्हणून विचारलं. आत्या जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, गौरीच्या आधी परत शिवून दे. दरवर्षी थोरल्या गौरीला हेच घालते मी.

२५ जून, मंगळवार

दोन रात्री बसून उसवलं. घाई केली नाही. सगळी हातशिलाई आहे, मशीनचा टाका एकही नाही. प्रत्येक तुकडा सुटला की कागदावर ठेवून आखला. जे सापडलं ते नीट लिहून ठेवते, कारण सगळं काम आता यावरच उभं राहणार आहे.

अंगाचे तुकडे तीनच. पाठ एक, पुढे दोन. तिन्ही जवळजवळ सरळ चौकोन, फक्त गळ्याला आणि मुंढ्याला थोडी कात्री. टक्स (आकारासाठी घातलेल्या टोकदार चुण्या) नाहीत, कटोरी (छातीचा वेगळा कापलेला वाटीसारखा तुकडा) नाही. छातीखालचं जास्तीचं कापड बारीक चुण्यांनी कमरेच्या पट्टीत ओढलंय, आणि ती पट्टी म्हणजे खणाचा काठ.

बाही म्हणजे निव्वळ आयत. माथ्याला गोलाई नाहीच. चुण्या सगळीकडे नाहीत, खांद्याच्या वर मधल्या पाच इंचांत फक्त. म्हणून फुगा वर उठतो, बगलेत काही जमत नाही. खालच्या बाजूला पुन्हा चुण्या, त्या काठाच्या दुसऱ्या पट्टीत. ही पट्टी सपाट आहे, चुण्या नाहीत, म्हणून काठाची नक्षी पूर्ण दिसते. आत नेट नाही, कॅनव्हास नाही, काही नाही. हातमागाचा खण स्वतःच एवढा ताठ असतो की फुगा त्याच्याच जोरावर उभा राहतो.

बगलेत तीन इंचांचा चौकोनी तुकडा. एक टोक बाहीत, समोरचं अंगात, उरलेली दोन पुढे-मागे. म्हणजे हात वर केला की तो तिरका ताणला जातो, आणि कापड उभं-आडवं ताणलं जात नाही इतकं तिरकं ताणलं जातं. मास्तरांचं बोट तिथेच गेलं होतं. उजव्या बगलेतला तुकडा खणाचा, डाव्या बगलेतला मात्र पांढऱ्या-निळ्या रेघांच्या कुठल्यातरी सुती कापडाचा. बाहेरून दिसत नाही.

आणि माया, म्हणजे शिवणीत राखून ठेवलेलं जास्तीचं कापड. कडेच्या शिवणींत आत सव्वा-सव्वा इंच दुमडलेली. आत्ताच्या शिवणीखेरीज घडीवर सुईच्या भोकांच्या जुन्या तीन ओळी आहेत, एकीपासून दुसरी साधारण पाव-पाव इंचावर. हे पोलकं तीनदा सोडलेलं आहे. आम्ही आता शिवणीत अर्धा इंच ठेवला तरी गिऱ्हाईक म्हणतं, आतून जाड लागतं, इंटरलॉक करून कापून टाका.

चिंधी किती निघाली असेल याचा अंदाज करायला सगळे तुकडे जमिनीवर पुन्हा जुळवले. गळ्याचा एक अर्धचंद्र आणि मुंढ्याचे चार बारके तुकडे, एवढंच कमी पडलं. ते मुठीत मावतात.

१ जुलै, सोमवार

आत्याच्या तुकड्यांवरून ३८ छातीसाठी मांजरपाटाचा नमुना केला. पहिल्यात बगलेचा तुकडा साडेतीन इंचांचा घेतला, तो पिशवीसारखा लोंबला. दुसऱ्यात तीन. हात वर केल्यावर पोलकं पाऊण इंच सरकलं. पावणेतीनवरून पाऊण.

आतला कोपरा शिवणं कटकटीचं. चार शिवणी एका बिंदूवर येतात, टाका एक जास्त गेला की चुणी पडते. मशीनने तीनदा चुकवलं. कोपऱ्याचा शेवटचा अर्धा इंच हातानेच शिवायचा असं ठरवलं. बारा पोलकी, दोन बगला, चार कोपरे: छप्पन्न... नाही, शहाण्णव कोपरे. असो.

६ जुलै, शनिवार

गुळेदगुड्डला जाऊन आले. सकाळची गाडी, विजापूर, आलमट्टीला कृष्णा, बागलकोटला उतरून पुढे बस. सोलापूर म्हणजे कापडाचं गाव (पहिली गिरणी १८७७ची, माझे आजोबा त्याच जुन्या मिलमध्ये), पण खण इथला नाही. खण नेहमीच तिकडून आला. बाजारात त्याला "महाराष्ट्राचं पारंपरिक वस्त्र" म्हणून विकतात तेव्हा मला जरा लाज वाटते. गुळेदगुड्डच्या खणाला भौगोलिक मानांकन आहे ते कर्नाटकातल्या त्या गावाच्या नावाने. आपण नेसलो, ओटीत घेतला, ते खरंच. विणला त्यांनी.

गल्लीत शिरलं की एखाद्या घरातून खटखट येते, मग चार घरं शांत. ज्या घरी गेले तिथे माग जमिनीतल्या खड्ड्यावर, विणणारा कडेवर बसून पाय खाली सोडतो. घरातल्या बाईंनी "बर्री अक्का" (या ताई) म्हणत चहा दिला. त्यांना मोडकंतोडकं मराठी, मला सोलापूरपुरतं कन्नड. त्रिकोणी घडी घातलेले खण पुढ्यात मांडत गेल्या. एकावर रथाची नक्षी होती, त्याला त्या "तेरु" म्हणत होत्या. त्यांनी विचारलं, कुबसाला हवेत का? तिकडे कुबसा म्हणजे चोळी, आणि गरोदर बाईचा चोळी घालायचा समारंभही कुबसाच. आपल्याकडे चोरचोळी म्हणतात तसं. मी म्हटलं, नाही, नाचायला हवेत. त्यावर घरातले सगळे हसले.

मोजून घेतलं. पन्हा (कापडाची रुंदी) तीस इंच, दोन्ही काठ दोन-दोन इंच, मधे सव्वीस. ही सव्वीस इंचांची गोष्ट गाडीत परतताना डोक्यात फिरत राहिली. कागद काढून मांडणी केली. ४० छातीपर्यंत पाठ साडेतेवीस इंच, मायेसकट. पुढचे दोन भाग तेरा-तेरा, म्हणजे बरोबर सव्वीस. शेजारी शेजारी ठेवले की एक धागा उरत नाही. बाहीचे वीस इंची आयत एकाखाली एक, त्यांच्या बाजूला सहा इंचांची पट्टी उरते, तिच्यातून बगलेचे तुकडे. काठ दोन्ही बाजूंनी सबंध सुटतो, त्यातून कमरेची पट्टी आणि बाह्यांच्या पट्ट्या. सव्वा मीटरमध्ये पोलकं. माझ्या प्रिन्सेस कटला दोन मीटरही अपुरे पडले होते.

म्हणजे त्या पोलक्याला कुणी "डिझाइन" केलंच नव्हतं. मागाच्या रुंदीने ते आखून दिलं होतं, आणि बाईच्या हाताला वर जायचं होतं म्हणून बगलेत तुकडा आला.

अठरा मीटर सांगितले, एकच जांभळा, काठ डाळिंबी. एका घरात एवढं वेळेत होणार नाही, म्हणून व्यापाऱ्यामार्फत दोन-तीन घरांत वाटून. चाचणीसाठी एक मीटर सोबत आणला.

१० जुलै, बुधवार

धुण्याची चाचणी. कापडावर दहा इंचांचा चौकोन दोऱ्याने आखला, साध्या पाण्यात अर्धा तास भिजवलं, सावलीत वाळवलं. लांबीत पाव इंच आटलं, रुंदीत जवळजवळ नाही. सव्वा मीटरला सव्वा इंच म्हणजे कमरेची पट्टी वर चढायला पुरेसं. तेव्हा कापण्याआधी सगळं कापड भिजवायचं.

रंगही सुटला. सोबत ठेवलेला मांजरपाटाचा तुकडा गुलाबी झाला. मिठाच्या पाण्यात ठेवून पाहिलं, सगळेच सांगतात म्हणून. काही फरक नाही. अस्तर पांढरं नको, जांभळं मलमल घ्यायचं, तेही आधी भिजवून.

१७ जुलै, बुधवार, आषाढी

कापड आलेलं नाही. निम्मं गाव पंढरपुरात. पाऊस. दुकान उघडं ठेवून वाचत बसले.

एकाच घरात या कपड्याची तीन नावं ऐकत मोठी झाले. आत्या पोलकं म्हणते, मोठी मामी झंपर म्हणायची, आई ब्लाऊज. झंपर हा इंग्रजी जंपरवरून आलेला. कपडा बदलला की नाव बदलतं, पण इथे कधी कधी नावच बदललं आणि कपडा तोच राहिला.

साडीखाली शिवलेलं ब्लाऊज आणि परकर ही जी आज देशभर पद्धत आहे, तिच्यात मुंबईचा हात आहे. सत्येंद्रनाथ टागोर हे आय.सी.एस. झालेले पहिले भारतीय, नेमणूक मुंबई इलाख्यात. १८६०च्या दशकात त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी इकडे आल्या, पारशी बायकांचं साडी नेसणं त्यांनी पाहिलं, त्यात आपले बदल केले आणि ती पद्धत बंगालमध्ये नेली. बाहेर पडायचं, चारचौघांत वावरायचं तर अंगात काय घालायचं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. कपड्यांच्या इतिहासात मला असे प्रश्न आवडतात. राण्यांच्या दागिन्यांपेक्षा जास्त.

चित्रकार धुरंधरांची चित्रंही चाळली. कोल्हापुरात जन्मलेले, १८६७चे, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले आणि शिकवलेले. त्यांनी मुंबईच्या बायका इतक्या तऱ्हांनी काढल्यात की लोक लुगड्याचा घोळ पाहत राहतात. मी हल्ली बगल पाहते. धंदा माणसाला काय काय पाहायला लावतो.

फुग्याच्या बाहीचं म्हणाल तर ती दर काही दशकांनी परत येतेच. युरोपात १८३०च्या सुमारास ती इतकी फुगली होती की तिला मेंढीच्या तंगडीचं नाव पडलं. मग १८९५च्या सुमारास पुन्हा. मग १९३०च्या दशकात पुन्हा. मग २९ जुलै १९८१ला डायनाच्या लग्नाचा पोशाख आला, त्या मोठाल्या बाह्या, मागे पंचवीस फुटांचा पायघोळ. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी सोलापुरात माझ्या वाढदिवसाला फुग्याचा फ्रॉक आला, तो मला काचायचा. आता पुन्हा आलीय. यातली परतून आलेली प्रत्येक बाही फुगा फक्त दिसण्यासाठी करते असं माझं मत झालंय. आत्याच्या पोलक्यात तो सोयीचाही होता: आयत कापायचा आणि त्याला खांद्यावर बसवायचं तर जास्तीचं कापड कुठेतरी जमवावंच लागतं. ते वर जमवलं, की झाला फुगा. मुंढ्याची गोलाई कापण्यात जी चिंधी गेली असती ती तिथे चुण्या होऊन बसली.

मास्तर यावर म्हणाले, "तू लई विचार कराय लागलीस. मापं घेतलीस का?"

घेतली. सात जणी ४० पर्यंत, पाच जणी ४२ आणि ४४. मोठ्या मापांत पुढचे भाग सव्वीस इंचांत शेजारी बसत नाहीत, एकाखाली एक घ्यावे लागतात. त्यांना एक मीटर साठ.

२५ जुलै, गुरुवार

पार्सल आलं. चौदा मीटर उत्तम. चार मीटर वेगळे. रंग तोच, नक्षी तीच, पण हातात घेतल्यावर गुळगुळीत आणि हलके. हातमागाच्या कापडाला काठाजवळ बारीक भोकं असतात, विणताना पन्हा ताणून धरणाऱ्या काडीच्या टोकांची. इथे नव्हती. उभा धागा काढून काडीवर धरला. सूत कागदासारखं जळतं आणि राख पडते. हा वितळला, टोकाला काळी गोळी झाली.

व्यापाऱ्याला फोन. आधी म्हणाला सगळं एकच आहे. गोळीचा फोटो पाठवला. मग म्हणाला, मागावर तेवढं झालं नाही, तुमची तारीख चुकू नये म्हणून घातलं. पैसे वळते करतो. खरं सांगायचं तर मला राग त्या कापडाचा नाही आला. मशीनचा खण स्वस्त आहे, ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी तो ठीकच. हातमागाच्या भावात घातला, त्याचा आला.

चार मीटर पुन्हा कधी येणार याची खात्री नाही. चौदात बारा पोलकी बसवायची. माया कापायची नाही, ते ठरलेलं. मांडणी पुन्हा केली. मोठ्या मापांची पाठ मधे जोडून, बगलेचे सगळे तुकडे आणि गळ्याच्या पट्ट्या त्या एक मीटर चाचणीच्या खणातून, जो धुऊन थोडा फिकट झालाय. बगलेत कोण पाहतंय? आत्याच्या पोलक्यात तर रेघांचं कापड होतं. तरी दीड मीटर कमीच पडतंय, ते दोन दिवसांत पाठवतो म्हणाला व्यापारी. एवढं तरी करतोय.

९ ऑगस्ट, शुक्रवार, नागपंचमी

आज कात्री बंद. चिरायचं नाही, कापायचं नाही, हे दुकानातही पाळते, सासूबाई गेल्या तरी. कापणी बुधवारीच संपवली होती. आज नुसते कोपरे. हाताने शिवायला कुणाची ना नाही असं मीच ठरवलं. शहाण्णवातले एकोणतीस झाले.

मदतीला येणारी मुलगी दुपारी विचारत होती, ताई, एवढी माया का ठेवतो आपण, बायका तर ओरडतील. ओरडणार आहेतच. तिला आत्याच्या पोलक्यावरच्या भोकांच्या ओळी दाखवल्या. तिने बोटाने मोजल्या आणि म्हणाली, म्हणजे तीन वेळा जाड झाल्या. म्हटलं, हो, तसंही म्हण.

१४ ऑगस्ट, बुधवार

ट्रायल. बाराही जणी एकदम आल्या, पंखे दोन, जागा आठ बाय बारा. मी म्हटलं आरशात नंतर पाहा, आधी हात वर करा. मग पिंगा. मग झिम्मा. शेवटी दोघींनी बसफुगडी घातली आणि इस्त्रीचं टेबल हललं.

अकरा ठीक. एकीच्या बगलेचा तुकडा उलटा लागला होता, नक्षी आत. तिला कळलंही नव्हतं, मला कळलं, उसवून दिला. ६७ वर्षांच्या मावशींचा उजवा खांदा दुखतो, हात पूर्ण वर जातच नाही. त्या म्हणाल्या, "माझ्यात तो तुकडा वाया घातलास बघ."

ओरडा अपेक्षेप्रमाणे झाला. आतून जाड लागतं. काकू म्हणाल्या, फोटोतलं अंगाला जास्त घट्ट होतं. हे अंगालगत आहे पण चिकटत नाही, त्यामुळे फोटोत तितकं "फिगर"मध्ये दिसत नाही. खरंय ते. मी वाद घातला नाही. हवं तर कार्यक्रमानंतर टक्स घालून देते म्हटलं.

२० ऑगस्ट, मंगळवार

कार्यक्रमाला गेले. मागच्या रांगेत बसून अडीच तास बगलाच पाहिल्या. लाट्या बाई लाट्या, सूप, गाठोडं, आगोटं-पागोटं. एक शिवण गेली: गाठोड्यात, पाठीच्या मधल्या जोडात, जिथे मी कापड कमी पडलं म्हणून जोड घेतला होता. बगल एकाही पोलक्याची गेली नाही.

फुगे शेवटपर्यंत उभे होते. घामाने अंग भिजलं तरी बाह्या ताठ.

२७ ऑगस्ट, मंगळवार

टक्स घालून घ्यायला कुणी आलं नाही. एक आल्या त्या वेगळ्याच कामाला: त्यांचं पोलकं मुलीला घालायचंय, मुलगी बारीक, आत घ्या. मुलीचं काही सांगता येत नाही, म्हणून कापू नका म्हणाल्या.

नवीन विचारणा दोन. एक नवरी, तिला हेच पोलकं बिनबाह्यांचं हवंय. बिनबाह्यांच्या पोलक्याला बगलेचा तुकडा लावायचा कुठे, यावर विचार चालू आहे. दर काढला: शिलाई नेहमीच्या ब्लाऊजच्या दुप्पट सांगितली, हातशिलाईच्या तासांसकट. थोडी कमीच सांगितली असं रात्री हिशेब करताना दिसलं.

९ सप्टेंबर, सोमवार

उद्या गौरी येणार. आत्याचं पोलकं परत शिवून पूर्ण. सगळ्यात शेवटच्या ओळीतल्या भोकांतूनच सुई घातली, शक्य तिथे. कुठे कापड विरलं होतं तिथे मागून मलमलीचा ठिगळ. डाव्या बगलेत तेच रेघांचं कापड. ते कशाचं म्हणून विचारलं, तर आत्याला आठवेना. मग म्हणाली, शर्टाचं असेल कुणाच्यातरी, तेव्हा काही टाकत नव्हते.

संध्याकाळी घेऊन गेले. गौरीला हात वर करायचे नसतात, तरी आत्याने बाहीत हात घालून बगल ताणून पाहिली. मग चष्मा लावला, पोलकं उलटं केलं आणि कडेच्या शिवणीवरून नख फिरवलं. मी वाट पाहत होते, दोन रात्री बसून घातलेला टाका आहे तो.

"एवढा बारीक टाका कशाला घातलास गं? पुढच्या खेपेला उसवायला बसेल तिचे डोळे जातील."